चार बोटं कमी

आमच्या गल्लीत कुणी फार छातीठोकपणे बोलायला लागलं, की अजूनही पलीकडून कुणीतरी म्हणतंच, "आदी गज टाक, मंग बोल." दुकानदार म्हणतो, कापूस वेचायला जाणाऱ्या बाया म्हणतात. परवा तर ग्रामसभेत एका म्हातारीनं थेट सरपंचाच्या तोंडावर म्हटलं आणि सगळी सभा खिदळली. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांनी गज कधी डोळ्यांनी पाहिलेला नसेल. मी पाहिलाय. हातात धरलाय. आणि त्या गजापायी माझ्या छातीत जी धडकी भरली होती ती आठवली की आजही हातातलं काम सुटतं.

हे बोलणं गोदाक्काचं. आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. मी अंगणवाडीवर असते, त्यामुळं दिवसभर लेकरांचा कालवा ऐकून घरी यावं तर भिंतीपलीकडून आक्काचा आवाज. ठेंगणी, काटक, दातवण लावून दात काळे झालेली बाई, पण बोलायला लागली की शिवारात ऐकू जावं. तो आवाज तिला नवऱ्यानं दिला, ते पुढं सांगते.

आक्काच्या घरात ठासणीची बंदूक होती. सासऱ्यापासून आलेली, पिकाच्या राखणीच्या परवान्याची. नवरा गेल्यावर परवाना आपल्या नावावर करून घ्यायला आक्का स्वतः कचेरीत गेली. साहेब म्हणाला, "बाई, मुलाच्या नावावर करा ना. तुम्हाला काय जमणार?"

"साहेब, पोरगं तापट हाय."

"आणि तुम्ही?"

"मी बी तापटच हाय. पन मी भरायच्या आदी बघते."

ही बंदूक मागून उघडत नाही. तोंडातून दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि लाकडाच्या लांब गजानं सगळं ठासायचं. काम झालं की गज नळीखालच्या खाचेत सरकवून ठेवायचा. उडवायच्या वेळी नळीच्या बुडाजवळच्या बारीक भोकावर टिकलीसारखी टोपी ठेवायची, घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी आत जाते. आता गंमत अशी, की अशी बंदूक भरलेली आहे का रिकामी हे बाहेरून ब्रह्मदेवालाही कळत नाही. ते सांगतो गज. गज नळीत सोडायचा. त्याचं टोक नळीच्या तोंडाशी बराबर आलं तर बंदूक रिकामी. चार बोटं वर राहिलं तर आत माल आहे. आक्काच्या गजाच्या टोकाला पितळी कडी होती, ती अंगठ्यानं चाचपून ती डोळे मिटून सांगायची.

तिच्या नवऱ्यानं एकदा गज न टाकता भरलेलीच बंदूक पुन्हा भरली होती. नळी फुटली नाही हे नशीब, पण धक्क्यानं खांदा निखळला आणि उजवा कान कायमचा गेला. आक्का म्हणायची, "त्या दिसापासून मला नवऱ्यासंगं गुपचूप भांडता न्हाई आलं बाई. घरातलं सगळं गल्लीला ऐकू जायचं." तेव्हापासून रोज सकाळी झाडलोट झाली की ती खुंटीवरची बंदूक उतरवायची, गज टाकायची, अंगठा फिरवायची आणि मगच चहा ठेवायची. आमच्याकडं लोक देवाला फूल वाहतात तसं.

आणि हा गज तिनं बंदुकीपुरता ठेवला नाही, माणसांनाही लावला. पोरीला स्थळ आलं होतं वसमतकडचं. हळदीचा व्यापार, पक्कं घर, मुलगा गोरागोमटा. मध्यस्थ छातीवर हात ठेवून सांगत होता, "पोरगं दारूला शिवत न्हाई." आक्कानं पोहे वाढले, चहा दिला, गोड हसली. दोन दिवसांनी कुणाला न सांगता यष्टीनं त्या गावी गेली, मुलाच्या घरासमोरच्या पानटपरीवर अर्धा दिवस बसली आणि संध्याकाळी परत आली. मी विचारलं, "काय झालं आक्का?"

"गज टाकून आले."

"मग?"

"चार बोटं वर हाय. भरल्याली हाय."

मी हसून हसून ओट्यावर बसले. स्थळ मोडलं. मध्यस्थ अजून आमच्या गल्लीतून जाताना मान खाली घालतो.

एवढा बंदुकीचा बडेजाव, पण आक्कानं जनावर मारल्याचं मी कधी पाहिलं नाही. उसात रानडुकरं शिरली की बांधावर उभी राहायची आणि मातीच्या ढिगात बार काढायची. धुरळा उडायचा, कळप पळायचा. म्हणायची, "त्येला बी पोट हाय. पन ह्या वावराला मालकीन हाय येवढं त्येला कळाया पायजे."

निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. तिथंही हिचं तेच. जमादारानं नुसतं विचारलं, "रिकामी आहे ना आजी?" तर म्हणाली, "मी सांगू नगं आन् तुमी ऐकू नगं. गज टाका." त्याच्याकडून टाकून घेतला तेव्हाच हलली. पण मागच्या खेपेला ठाण्याच्या खोलीत पावसाचं पाणी ठिबकलं असावं. निवडणूक झाल्यावर बंदूक घरी आली ती गज फुगवूनच. खाचेत असा घट्ट बसलेला, की आक्का ओढतेय, दत्ता ओढतोय, गज ढिम्म हलत नाही.

दत्ता म्हणजे तिचा मुलगा. कष्टाळू, माणूस लाख मोलाचा, पण धीर नावाची चीज देवानं त्याला दिलीच नाही. तो हातोडी घेऊन आला तशी आक्का कडाडली, "लाकूड हाय ते, खुट्टा न्हाई! वाळू दे. फुगल्यालं लाकूड आपसूक उतरतं."

उतरेपर्यंत डुकरं थांबतात होय? त्याच आठवड्यात कळप उसात शिरला. आक्कानं पकडीनं कसाबसा गज ओढून काढला, बंदूक भरली आणि बांधावर गेली. तोवर कळप निघून गेलेला. नेहमी ती न उडालेला बार मातीत काढून मगच घरी यायची. त्या दिवशी ती बांधावर असतानाच शिबिराची जीप दारात येऊन भोंगा वाजवायला लागली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नांदेडला जायचं होतं आणि ड्रायव्हर घाई करून राहिला होता. सोबत मी. आक्का धावतपळत आली, फुगलेला गज खाचेत कोंबला, तो चार बोटं बाहेर राहिला तसाच राहू दिला, बंदूक खुंटीला अडकवली आणि जीपमध्ये बसली. भरलेली आहे हे कुणाला सांगायचं राहून गेलं. आयुष्यात एकदाच राहिलं.

ऑपरेशन चांगलं झालं. सुट्टी मिळायच्या सकाळी ती डोळ्याला हिरवी पट्टी लावून खाटेवर बसली होती, तेवढ्यात माझ्या फोनवर दत्ताचा फोन. गडी लई खुशीत. मी स्पीकर लावला.

"माय, गजाचं काम झालं बघ! असा सुरेख बसलाय, बोटानं सरकतो. आता नळी तेवढी राहिली. टोपी ठेवायचं भोक गंजून बुजलंय, बूड तर हलून न्हाई राहिलं. डोंगरकड्याच्या लोहाराकडं नेतो, भट्टीत बूड तापवून मोकळं करून आनतो."

आक्काचा हात माझ्या मनगटावर आला. "दत्ता, हात लावू नगंस. बंदूक भरल्याली हाय."

"न्हाई माय. रिकामी हाय. गज टाकला ना मी."

"नीट टाकलास?"

"बराबर तोंडाशी आला. अंगठा फिरवून बघितला, तुझ्यावानीच. वर टोपी ठिवून घोडा बी पाडला. नुसता टिक झाला. तुला आठवत नसंल माय. भुलीचं औषध दिलंय ना तुला."

आक्का नुसतं "बरं" म्हणाली. पलीकडं फोन बंद झाला.

मला वाटलं, मिटलं. पण तिनं माझं मनगट सोडलं नाही. "शारदे, मी भरली व्हती का गं?"

"मी कसं सांगू आक्का? मी जीपपाशी होते."

"मला दिसून राहिलंय. दारू वतली, बोळा घातला, ठासलं. समदं दिसतंय. पन गज खोटं बोलत न्हाई. मंग माझंच डोकं रिकामं झालं असंल." आणि तिच्या उघड्या डोळ्यातून पाणी आलं. मी धावून पुसलं, डॉक्टरनं रडायचं नाही असं बजावलं होतं. मला वाईट वाटलंच, पण खरं सांगते, रागही आला. जन्मभर दुसऱ्यांना गज लावणाऱ्या बाईला आज तिच्याच गजानं खोटं पाडलं होतं आणि ती ते मुकाट मान्य करत होती.

आम्ही यष्टीत बसलो. अर्धापूर गेलं. आक्का एकाएकी ताठ बसली. "सुनेला फोन लाव. इचार, गज सैल कसा केला?"

मी पुन्हा दत्ताचा नंबर लावला. तो फोन सुनीतानं, सुनेनं उचलला. दत्ता फोन घरी चार्जिंगला ठेवून कधीचाच निघून गेला होता.

"सुनीता, गजाचं काय केलं गं दत्तानं?"

"काचेच्या तुकड्यानं खरवडला, ताई. तेल पाजलं. तरी पुरा आत बसंना, टोक बाहेरच राहायचं. मग तेवढं टोक कापून टाकलं."

आक्कानं फोन माझ्या हातातून ओढला. "किती कापलं?"

"असंल चारेक बोटं, आत्याबाई. तेवढंच बाहेर व्हतं."

चार बोटं. भरलेल्या बंदुकीत जेवढा गज वर राहायला हवा, नेमका तेवढाच त्यानं करवतीनं उडवला होता. आता तो गज भरल्या नळीतही तोंडाशी बराबर येणार आणि सगळ्यांना सांगणार, रिकामी आहे. टोपी वाया गेली ती भोक बुजलं म्हणून. आणि तीच नळी आता भट्टीत जाणार.

आक्का उठून उभीच राहिली. "कंडक्टर, गाडी पळीव!"

गाडी कुठली पळते? पुढं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, वर कर्कश गाणी, रस्ता अर्धा खणलेला. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देतोय, ट्रॅक्टरवाला आपल्या नादात. आक्का पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरून पुटपुटत होती. मला वाटलं देवाचं नाव घेतेय. कान दिला तर म्हणत होती, "लाईट जावो. लाईट जावो."

डोंगरकड्याला उतरलो. लोहाराचं दुकान बाजारामागं होतं. आक्काचा हात माझ्या खांद्यावर, एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यानं धूसर दिसतंय, तरी ती मला ढकलत होती. बाजारात शांतता होती. पिठाची गिरणी बंद, झेरॉक्सवाला बाहेर येऊन बसलेला. खरंच लाईट गेली होती. लोहाराचा भाता आता हातानं ओढायचा राहिला नाही, विजेवरचा आहे. लाईट नाही तर भट्टी नाही. माझ्या जिवात जीव आला. मी म्हणाले, "आक्का, हळू चला आता, लाईट नाही." एवढं तोंडातून निघतं न निघतं तोच गिरणी धडधडायला लागली.

साठी उलटलेली ती बाई धावली. मी मागं राहिले, ती पुढं.

आम्ही पोचलो तेव्हा भाता घोंगावत होता. कोळसे लाल व्हायला लागलेले. नळीचं बूड लोहारानं नुकतंच निखाऱ्यात सरकवलं होतं आणि दत्ता समोर उकिडवा बसून नळीचं तोंडाकडचं टोक ओल्या पोत्यात गुंडाळून धरून होता, पोटाशी.

"दत्ता, सोड! बाजूला हो!"

"माय? तू इकडं काहून आलीस?"

"काढा ते इस्तवातून! भरल्याली हाय!"

लोहार हसला. "आक्का, रिकामी हाय. म्या बी गज टाकून बघितलाय."

दत्ताचं टाळकं सणकलं. चारचौघांत आई लेकराला ओरडते तशी ओरडली ना! "माय, एकदा तरी माझं ऐक! तुझं काय बी ऐकायचं आमी, आन् आमचं कधीच न्हाई? डोळ्यासंगं डोकं बी गेलं का तुझं?"

भाता चालूच होता. सांगायला वेळ नव्हता, गजाचं गणित समजावायला तर नव्हताच. आक्का पुढं झाली. खांद्यानं दत्ताला असा ढकलला की तो राखेत आडवा झाला, आणि तिनं आपला तळहात नळीच्या तोंडावर ठेवला. समोर स्वतः उभी राहिली.

"रिकामी हाय म्हनता ना? तापवा आता."

मी किंचाळले. लोहाराच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं लाथेनंच भात्याचं बटण पाडलं, सांडशीनं नळी ओढून काढली आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. आक्का म्हणाली, "आता पानी वता. तोंडातून. भरंस्तोर." त्यानं मडकंच्या मडकं रिकामं केलं. बूड चरचरलं.

नळी निवल्यावर लोहारानं वाकडी तार घालून आत चाचपलं. तारेला काहीतरी अडकलं. हळूहळू एक भिजकी चिंधी बाहेर आली. मग छर्रे ठपठप पडले. मग दुसरी चिंधी. मग काळा, दाट चिखल. दारू.

दत्ता राखेत बसल्या जागी आपल्या पोटाकडं बघत होता, जिथं त्यानं नळी धरली होती.

आक्काला ते काही नीट दिसत नव्हतं. तिनं विचारलं, "चिंधी कंच्या रंगाची हाय?"

"हिरवी आहे आक्का. काठ आहे तिला."

"माझ्या जुन्या लुगड्याचा काठ. म्याच फाडला व्हता." मग माझ्या कानाशी आली आणि तिचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा इतका बारीक झाला. "म्हंजे मी इसरले न्हवते गं."

दत्ताला तिनं एक थोबाडीत दिली, मग त्याच्या डोक्यातली राख झटकली आणि लोहाराला चहा मागवायला लावला. गजाचा तुकडा दत्तानं घरी कपाटाच्या हलत्या पायाखाली ठोकला होता. गेल्या गेल्या तिनं कपाट हलवून तो काढला. पितळी कडी तशीच होती. दत्ता म्हणाला, "माय, नवा गज करून आनतो." तर म्हणाली, "गज खोटं बोलला न्हाई बाबा. तुमी त्याचं तोंड कापून त्याला साक्षीला हुबा केला." तो तुकडा तिनं कनवटीला खोचला तो पुढं तिथंच राहिला.

पण त्या दिवसाचं एक वाईट झालं. त्यानंतर आक्का म्हणेल ते खरं, असं घरात ठरून गेलं. कोण बोलणार? जिनं तळहात नळीवर ठेवून खरं केलं, तिला कोण म्हणणार, तुझं चुकतंय? त्यामुळं ती खरोखर विसरायला लागली तेव्हा कुणी ते पाहिलंच नाही. वरणात दोनदा मीठ पडलं तरी दत्ता गुमान जेवायचा. गेलेल्या नवऱ्याचं ताट वाढलं तर सुनीता गुमान उचलून ठेवायची. मला दिसत होतं. भिंतीपलीकडून सगळं कळतं. पण मीही कचरले, कारण मी त्या भट्टीपाशी उभी होते.

शेवटी तिनंच सांगितलं. एका सकाळी दारात आली, हातात बंदूक. "शारदे, कापल्याल्या गजानं घात केला तवा मला ठावं व्हतं, भरल्याली हाय म्हनून. आज सकाळधरनं इचार करून राहिले, भरली का न्हाई. काय बी दिसून न्हाई राहिलं. नुसता अंधार." मी गज टाकून पाहिला, कनवटीचा तुकडा जोडून पाहिला. रिकामी होती. मी म्हणाले, "रिकामी आहे की आक्का!"

"गजाला ठावं हाय. मला न्हाई. मंग बंदूक माझ्या घरात काहून ठिवायची?"

दत्ता ढसाढसा रडला, पण आडवा आला नाही. मी तिच्यासोबत ठाण्यात गेले. बंदूक, परवाना, कापलेला गज, सगळं तिनं कायमचं जमा केलं. जमादारानं विचारायच्या आधीच म्हणाली, "गज टाका साहेब, त्यो तोकडा हाय, चार बोटं धरून मोजा." बाहेर आली तेव्हा हात कसे ठेवावेत हे तिला समजत नव्हतं.

परतताना वारंगा फाट्यावर गावाकडच्या रिक्षाची वाट बघत बाकावर बसलो. समोर ट्रक लागलेले, उसाचा रस चाललेला, ऊन कडक. तिनं कनवटीतून तो तुकडा काढला आणि माझ्या हातात दिला. "हे तू ठिव. माझं बोलनं आता चार बोटं कमी हाय. काय बी बोलले तर हे जोडून बघत जा. दत्ताला जमायचं न्हाई, त्यो मला भितो."

मी तुकडा मुठीत धरून बसले. रिक्षा आली. मी उठले, तिचा हात धरला. ती उठेना. माझ्या तोंडाकडं बघत राहिली, आणि त्या नजरेत मी नव्हते.

"कुठं नेऊन राहिलीस मला?"

"घरी, आक्का. आपल्या घरी."

तिनं हात सोडवून घेतला. रिक्षावाल्याकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं. मग जुन्याच, गल्लीभर ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणाली, "आदी गज टाक, मंग बोल."

मी मूठ उघडली आणि तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. तिनं पितळी कडीवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मग मुकाट्यानं रिक्षात जाऊन बसली आणि मला बसायला जागा केली.